काढायची सोय आधी, बसवणं नंतर

प्रिय डॉक्टर पोरी,

कर्नाटकातल्या खानापूर भागात रुजू होतेस, इम्प्लांटचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून कातडीखाली बसवायच्या सळईचं, प्रशिक्षणही झालंय. दंडातली ती सळई काढायची सोय आपल्या दवाखान्यात नसेल, तर ती बसवूच नकोस.

हा आग्रह उगाच नाही. आधीच्या नॉरप्लांट नावाच्या इम्प्लांटच्या सहा नळ्या असत. अमेरिकेत 1990 मध्ये मान्यता मिळाली, पण नळ्या काढताना बायकांचे हाल झाले, खटले उभे राहिले. काही न्यायाधीशांनी तर शिक्षेच्या अटींत नॉरप्लांट बसवणं घातलं. 2002 मध्ये नॉरप्लांट तिथल्या बाजारातून गेलंच. आपल्याकडच्या महिला संघटनांचा विरोधही याच काळजीपोटी होता. गोळी बाई स्वतः बंद करू शकते, सळईसाठी तिला तुझ्या दारात यावं लागतं.

आताची सळई एकच: 4 सेंमी लांब, 68 मिग्रॅ इटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक, मुदत तीन वर्षं. कामाचा हात सोडून दुसऱ्या दंडात, आतल्या बाजूला बसव. कोपराच्या आतल्या हाडापासून 8 ते 10 सेंमी वर आणि स्नायूंमधल्या खाचेपासून 3 ते 5 सेंमी मागे. खाचेत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, तिथे जाऊ नकोस. सुई पुढे सरकवताना तिच्या टोकाने कातडी वर उचललेली ठेव. इथे हात ढिला पडला की सळई खोल जाते आणि काढताना सापडत नाही. बसवल्यावर दोन्ही टोकं तू चाचप, तिलाही चाचपायला लाव. लागली नाही तर ती बसली असं धरू नकोस. काढतानाही आधी जागा शोधायची, मगच चीर.

पाळीच्या पाचव्या दिवसानंतर बसवलीस तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री कर आणि सात दिवस निरोध वापरायला सांग. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर सळईचा भरवसा नाही, तिथे तांबी बरी.

बहुतेक तक्रारी अंगावरून जाण्याच्या. कधी महिनोन्महिने पाळी नाही, कधी डाग थांबतच नाहीत. ज्या घरात पाळीत देवघराला शिवत नाहीत, तिथे वीस दिवस डाग म्हणजे वीस दिवस अडचण. हे आधीच सांग, सासूच्या माघारी सांग.

संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर मराठीत वाचून दाखव आणि काय समजलं ते तिच्या तोंडून ऐक. कार्डावर बसवल्याची तारीख, कोणता हात, कधी काढायची, हे दोन्ही भाषांत लिही. माहेर महाराष्ट्रात चंदगडला असेल तर तिकडेही ते वाचता आलं पाहिजे.

आणि ती मधेच येऊन “काढा” म्हणाली, तर डाग थांबवायला उपचार आहेत एवढं सांग. तरी नकोच म्हणाली तर काढ, नवऱ्याची सही मागू नकोस. काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात, म्हणून पुढचा उपाय त्याच भेटीत ठरवून दे.