13 वर्षांच्या मुलीचे वरचे दोन दात फारच बारीक आहेत. पुढे वाढतील का, की आत्ताच कॅप बसवावी?

नाही, वाढणार नाहीत. दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच त्याचं माप ठरून गेलेलं असतं. मग दूध पाजा नाहीतर कॅल्शियमच्या गोळ्या चारा, फरक पडत नाही.

दुधाचं मुद्दाम लिहिलं. माझाही वरच्या समोरच्या दोन मोठ्या दातांशेजारचा उजवा दात असाच, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा. डॉक्टर त्याला पेग लॅटरल म्हणतात आणि या प्रकाराला मायक्रोडोंशिया. आमच्या घरी तो 'दूध न प्यायल्याचा दात' होता. आई पाहुण्यांना सांगायची, "ग्लास मोरीत ओतायची ही, बघा आता." (एकदाच ओतला होता!) शाळेच्या एकूण एक फोटोत माझं तोंड मिटलेलं आहे. जीभ सारखी त्या फटीत जाऊन बसायची. फट बुजली तरी अजून जाते.

19व्या वर्षी तारा लावायच्या म्हणून ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) काढला. डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात कुणाला दात कमी आहेत का? बाबा शेजारीच होते. त्यांनी आ केला, तर त्यांचा नेमका तोच दात नाही! पडला नव्हता, काढलाही नव्हता, कधी आलाच नव्हता. बापाचा दात गायब आणि लेकीचा बारीक, हे एकाच घराण्यात चालतं, जनुकांचा खेळ आहे. घरी येऊन आईला सांगितलं, तर म्हणे, "तरी दूध प्यायला हवं होतंस."

कॅपची घाई अजिबात नको. तिच्यासाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो. तो आधीच एवढासा, त्यात या वयात आतली नस मोठी असते. माझ्या दाताला तारांनी जागा करून वर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) चढवलं. इंजेक्शनही लागलं नाही. टवका उडतो, रंग बदलतो, माझं दोनदा पुन्हा करावं लागलं, पण खालचा दात शाबूत आहे.

एक्स-रे मात्र काढाच. अशा दाताशेजारचा सुळा कधीकधी टाळूकडे अडकून बसतो. आणि हो, बरेच दात बारीक किंवा कमी असतील, सोबत केस विरळ, घाम कमी असेल, किंवा लहानपणी केमो झाली असेल, तर माझा अनुभव बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना हे आधी सांगा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तुम्ही आई-बाबा दोघंही आ करून दाखवा. तोवर मुलीला दुधावरून बोलू नका.