ट्रकमध्ये कसून बांधलेला माल वाटेत का सरकतो आणि किती पट्टे लावावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन मोठ्या औद्योगिक बाजारपेठांमध्ये दर आठवड्याला तुमचा ट्रेलर जातो. जाताना स्टीलच्या कॉइल (पत्र्याच्या जड गुंडाळ्या) आणि यंत्रांच्या लाकडी पेट्या, येताना मिळेल तो माल. पोचेपर्यंत पट्टे सैल झालेले आणि पेट्या हातभर पुढे आलेल्या असतात. पट्टे वाढवूनही फरक पडलेला नाही, तर किती लावावेत?

पट्टे मोजण्याआधी ट्रेलरचा तळ बघा. मालावरून आडवा टाकलेला पट्टा माल धरून ठेवत नाही, तो फक्त खाली दाबतो. धरण्याचं काम घर्षण करतं. परतीच्या खेपेत धान्य, भंगार किंवा वाळू आली असेल आणि तळ न झाडता पेट्या चढवल्या असतील, तर त्या दाण्यांवर, कचऱ्यावर घरंगळत जातात. तेल सांडलेलं असेल तर विचारूच नका. म्हणून प्रत्येक खेपेआधी तळ झाडून, पुसून कोरडा करणं हे मी बांधणीचाच भाग धरतो.

आता हिशोब. युरोपातल्या ईएन 12195-1 या मानकानुसार बांधणी अशी हवी, की जोरात ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढे आणि वळणावर 50 टक्के जोर बाजूला आला तरी माल जागचा हलू नये. पुढचा हिशोब वजनाच्याच किलोत मांडतो.

2,000 किलोची पेटी घ्या. साध्या तळावर घर्षणांक 0.3 धरला, तर वजनापैकी 30 टक्के जोर घर्षण पेलतं. पुढच्या दिशेच्या 80 टक्क्यांतून ते वजा केले की 50 टक्के, म्हणजे 1,000 किलो उरतात. त्यावर 1.25 पट सुरक्षितता धरली की 1,250. रॅचेटवर (पट्टा ताणायच्या दातेरी खटक्यावर) 300 किलोचा ताण बसत असेल आणि पट्टा दोन्ही बाजूंनी उभा उतरत असेल, तर एका पट्ट्यामुळे मिळणारं घर्षण 2 × 0.3 × 300, म्हणजे 180 किलो. 1,250 भागिले 180, म्हणजे एका पेटीला सात पट्टे! तीन लावून माल का सरकतो, ते इथेच कळतं.

तीच पेटी घसरणरोधक रबरी चटईच्या तुकड्यांवर ठेवा. घर्षणांक 0.6 होतो. उरतात 400 किलो, सुरक्षिततेसह 500. एका पट्ट्याचे 360. दोन पट्ट्यांत काम होतं. मात्र पेटीचा सगळा भार चटईवरच यायला हवा. एक कोपरा जरी थेट फळीवर टेकला, तरी हा हिशोब कोलमडतो.

पट्ट्याच्या लेबलवर दोन आकडे असतात आणि बहुतेक जण चुकीचा वाचतात. ‘एलसी 2500’ ही पट्ट्याची सरळ ओढीतली क्षमता. वरून दाबण्यासाठी बघायचा आकडा ‘एसटीएफ’, म्हणजे हातानं रॅचेट ओढल्यावर प्रत्यक्ष बसणारा ताण. तो साधारण 250 ते 500 असतो. दोन्ही आकडे डेकान्यूटनमध्ये असतात, व्यवहारात एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलोचा जोर. पट्टा तळाशी 30 अंशांचा कोन करून तिरका उतरत असेल, तर खाली दाबणारा जोर निम्माच उरतो. म्हणून अरुंद, बुटक्या पेटीवरून टाकलेला पट्टा जवळजवळ वाया जातो. तिथे पुढून अडवणं हाच उपाय: पेटी समोरच्या भिंतीला भिडवा, किंवा मधली जागा लाकडी गुटक्यांनी आणि रिकाम्या पॅलेटनी गच्च भरा. पट्ट्याला गाठ कधीच मारू नका. धारदार कडेवर कोपऱ्याचं संरक्षक लावा. कडेला कापलेला पट्टा सरळ बाद करा.

सगळं नीट केलं तरी ताण उतरतोच. धक्क्यांनी पेटीचं लाकूड बसतं, पट्टा किंचित ताणला जातो. पहिला थांबा 80 किलोमीटरच्या आत घेऊन सगळे रॅचेट पुन्हा ओढा, मग दर तीन तासांनी.

कॉइलचं गणित वेगळं आहे. तिच्यासाठी तळात खळगा असलेला ट्रेलरच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. भोक पुढे-मागे तोंड करून कॉइल खळग्यात बसवायची. ती दोन्ही तिरक्या बाजूंवर टेकली पाहिजे आणि खाली किमान 20 मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. बुडाला टेकली तर तिरक्या बाजू तिला आवळत नाहीत आणि ती डुलू लागते. पुढच्या बाजूला खळग्यातच आडवा दांडा किंवा खांब लावा, कारण केबिनमागची भिंत 20 टन अडवण्यासाठी बनवलेली नसते.

जागाही मोजून ठरवा. किंगपिनपासून (ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणाऱ्या खुंट्यापासून) मागच्या धुऱ्यांच्या मध्यापर्यंत 7.7 मीटर अंतर असेल, तर 20 टनांची कॉइल अर्धा मीटर सरकवली की सुमारे 1.3 टन भार एकीकडून दुसरीकडे जातो. एकूण वजन मर्यादेत असूनही एखादा धुरा जास्त भरतो, तो यामुळेच. काट्यावर धुरेनिहाय वजन घ्या.

पोचल्यावर दिसणारा गंज पाणी गळून आलेला असेलच असं नाही. थंड भागातून दमट, उष्ण भागात गेलेल्या कॉइलला घाम येतो. हवा 28 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर 22 अंशांपेक्षा थंड असलेल्या पत्र्यावर दव बसतं. जाड कॉइल एक-दोन दिवस आतून थंडच राहते. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याच्या थरांमध्ये हे पाणी अडकलं की पांढरा गंज धरतो. म्हणून उतरवल्याबरोबर वेष्टन फाडू नका. कॉइल छपराखाली ठेवा, पृष्ठभागाचं तापमान मोजा आणि ते गोदामाच्या हवेच्या जवळ आलं की मगच उघडा.