वाचकांचे प्रश्न : जलतरण तलावाच्या स्वयंचलित यंत्रणेतील वीजदोष

प्रश्न : बेसा भागातील आमच्या सोसायटीच्या जलतरण तलावाला उन्हाळ्यात स्वयंचलित नियंत्रण बसवले. दोन अश्वशक्तीचा सिंगल फेज फिल्टर पंप, मिठाच्या पाण्यातून क्लोरीन तयार करणारे यंत्र, आम्ल सोडणारा डोसिंग पंप आणि पाण्याखालच्या दिव्यांचा ट्रान्सफॉर्मर, हे सर्व एकाच पॅनेलवर आणि एकाच आरसीसीबीवर (वीजगळती होताच ‘पडून’ पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) आहे. पावसाळा लागल्यापासून सकाळी सहा वाजता टायमरने पंप सुरू होताच आरसीसीबी पडतो. दुपारी मात्र तोच पंप सुरळीत चालतो. वायरमनच्या मते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीऐवजी १०० मिलिअँपिअरचा लावल्यास त्रास थांबेल. तसे करावे काय?
– सोसायटीचे सचिव, नागपूर

उत्तर : तसे मुळीच करू नये, आणि दोष सापडेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, एवढेच आरसीसीबी पाहतो. तफावत ३० मिलिअँपिअर झाली की तो पडलाच पाहिजे. प्रत्यक्षात १५ च्या पुढे तो केव्हाही पडू शकतो. १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळतीमुळे लागणाऱ्या आगीपासून बचावासाठी असतो, आणि ओल्या अंगाच्या माणसाच्या शरीरातून जाणारा तेवढा प्रवाह जीव घेण्यास पुरेसा असतो. तो बसवल्याने दोष तसाच राहील, फक्त त्याची सूचना देणारे साधन नाहीसे होईल.

पहाटे पडतो आणि दुपारी पडत नाही, ही आपण दिलेली सर्वांत उपयुक्त माहिती आहे. रात्रभर साचलेली ओल दुपारपर्यंत वाळते, म्हणजे दोष बहुधा ओलाव्याचा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उष्णतेने केबल ग्लँडचे (केबल आत शिरते तेथील बंदिस्त बुचाचे) रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी तेथूनच आत शिरते. तरीही केवळ वेळ जुळते म्हणून पंपालाच दोषी ठरवण्याची घाई करू नका. क्लोरीन यंत्र आणि डोसिंग पंप बहुतेक यंत्रणांत फिल्टर पंपाबरोबरच सुरू होतात, त्यामुळे त्या क्षणी गळती तिघांपैकी कोणाचीही असू शकते.

शोध परवानाधारक वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून आणि त्याला कुलूप लावून घ्यावा. येथे एक चूक फार वेळा होते. संशयित उपकरणाचा एमसीबी (जादा प्रवाहाला पुरवठा तोडणारा छोटा स्विच) खाली केला, तरी आरसीसीबी पडला, म्हणून ते उपकरण निर्दोष मानले जाते. एकपोली एमसीबी केवळ फेज तोडतो. त्या उपकरणाच्या न्यूट्रलचा अर्थिंगला स्पर्श होत असेल, तर दुसऱ्या उपकरणांचा प्रवाह त्या वाटेने जाऊन आरसीसीबी पडतच राहतो. म्हणून चारही उपकरणांच्या फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा टर्मिनलमधून सोडवाव्यात, रिकाम्या पॅनेलवर आरसीसीबी टिकतो का ते पाहावे आणि मग एकेक उपकरण जोडत जावे. हे काम सकाळी, ओल असतानाच करावे. दुपारी केल्यास सारे काही ठीक दिसेल.

दोषी शाखा कळली की मेगरने (तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्शुलेशन मोजावे. ५०० व्होल्ट डीसीवर किमान १ मेगाओम अपेक्षित आहे. सुस्थितीतील मोटर त्याच्या कितीतरी पट दाखवते. मात्र कंट्रोलरचे कार्ड आणि क्लोरीन यंत्राचा पॉवर सप्लाय त्याआधी वेगळा करावा, अन्यथा मेगरच्या व्होल्टेजने ते जळतील. मोटरचे टर्मिनल बॉक्स उघडून पाहावे : झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट थर दिसला, तर कारण समोरच आहे. केबल वरून आत येत असेल, तर पाणी तिच्या अंगाने ओघळून थेट टर्मिनलवर पोहोचते. ती खालून आणावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा वळसा द्यावा.

पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचे आणि विलग ट्रान्सफॉर्मरवर असतील, तर दिव्याच्या बाजूची गळती या आरसीसीबीला कळत नाही. तेथे ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजूच तपासावी लागते. पाण्यात थेट २३० व्होल्टचे दिवे आढळले, तर ते त्याच दिवशी कायमचे बंद करावेत.

कधी कधी कोणतेही एक उपकरण दोषी सापडत नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आतील विद्युत फिल्टरमधून (पाण्याच्या नव्हे) थोडी गळती नेहमीच होते; तीन-चार उपकरणांची मिळून ती दहा-बारा मिलिअँपिअर झाली, तर थोड्याशा ओलाव्यानेही आरसीसीबी पडतो. त्यावर योग्य उपाय म्हणजे प्रत्येक शाखेला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी यांची कामे एकत्र करणारा स्विच). खर्च वाढेल, परंतु पुढील दोष कोणत्या शाखेत आहे हे पॅनेल उघडताच दिसेल. आम्लाचे कॅन पॅनेलच्या खोलीत ठेवले असतील, तर ते आजच हलवावेत. त्यांच्या वाफेने कॉन्टॅक्टरचे संपर्क आणि कार्डावरील जोड दोन्ही खराब होतात.

प्रश्न : पंप चालू असूनही कंट्रोलर ‘प्रवाह नाही’ असे दाखवतो आणि क्लोरीन यंत्र बंद राहते. फ्लो स्विचच्या (पाणी वाहते की नाही हे कंट्रोलरला कळवणाऱ्या स्विचच्या) दोन तारा एकमेकींना जोडून काम भागेल का?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : काम भागेल, पण ते धोक्याचे आहे. पाणी वाहत नसताना विद्युत अपघटन चालू राहिल्यास क्लोरीन यंत्राच्या सेलमध्ये हायड्रोजन साचतो आणि स्फोट होऊ शकतो. आधी पाण्याचीच बाजू पाहा : स्ट्रेनरची जाळी भरली आहे का, फिल्टरचा दाब वाढला आहे का, स्विचवरील बाण प्रवाहाच्या दिशेने आहे का. त्यानंतर वीजपुरवठा बंद करून स्विचच्या तारा कंट्रोलरपासून सोडवाव्यात आणि पाते हाताने हलवत मल्टीमीटरवर सर्किट जुळते-तुटते का ते पाहावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर पात्याच्या खिळीवर पांढरा थर बसून ते अडकते. स्विच नीट काम करत असेल, तर कंट्रोलरपर्यंतची केबल तपासावी. उंदरांनी कुरतडलेली केबल ही आपल्याकडची नेहमीची बाब आहे.

प्रश्न : पंप सुरू झाला की पीएचचे आकडे एकदम उड्या मारतात. पीएच मोजणारा प्रोब बदलावा काय?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : आधी प्रोब काढून तलावाच्याच पाण्याच्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवा आणि पंप सुरू करा. आकडा स्थिर राहिला, तर प्रोब चांगला आहे आणि भटका प्रवाह तलावाच्या पाण्यातून येत आहे. अशा वेळी पंपाचे इन्शुलेशन, अर्थिंग आणि शिडी, रेलिंग यांसारख्या धातूच्या भागांची परस्परांशी असलेली जोडणी तपासून घ्यावी, आणि तोवर तलाव पोहण्यासाठी बंद ठेवावा. बादलीतही आकडा हलत असेल, तर प्रोबची केबल पंपाच्या केबलसोबत एकाच पाइपमधून नेलेली आहे का ते पाहा. प्रोबचा संकेत २५ अंशांवर प्रत्येक पीएच एककामागे केवळ ५९ मिलिव्होल्ट असतो. शेजारच्या २३० व्होल्टच्या तारेने तो सहज बिघडतो. केबल वेगळ्या पाइपमधून नेऊनही फरक पडला नाही, तर प्रोब पीएच ७ च्या बफर द्रावणात (ज्याचा पीएच ठरलेला असतो) तपासावा आणि त्यातही आकडा ठरत नसेल, तरच नवा घ्यावा.