‘मोर्चा’ म्हणजे नेमकं काय? धरणं आणि मोर्चा एकच का?

नाही. मोर्चा चालतो, धरणं बसतं. शनिवारवाड्यापासून फलक घेऊन लोक जिल्हाधिकारी कचेरीवर चालत गेले, तर तो मोर्चा. तिथेच फाटकासमोर सतरंजी टाकून बसले, की ते धरणं. घोषणा असायलाच हव्यात असंही नाही. २०१६ साली पुण्यात निघालेला मराठा क्रांती मोर्चा मूकच होता.

शब्द मूळचा फारसी आणि लढाईतला: किल्ल्याला वेढा घालताना तोफांसाठी जी आडोशाची जागा बांधत, ती मोर्चा. ‘मोर्चेबांधणी’ त्यातूनच आली. हिंदीत आघाडी हा अर्थ टिकला, मराठीत मात्र तो रस्त्यावर उतरला. म्हणून मोर्चा ‘काढतात’, ‘नेतात’, तो ‘धडकतो’. ‘मोर्चा केला’ असं कृपया लिहू नका, कानाला खटकतं.