जि.प. शाळेत पेटी-तबला नसताना पहिली ते चौथीच्या मुलांचं समूहगान गॅदरिंगसाठी कसं बसवावं?

पेटीवाचून काहीच अडत नाही. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे गावोगावी खंजिरी पोचली आहे; गावातल्या भजनी मंडळातल्या खंजिरीवाल्या काकांनाच तालमीला बोलवा. गाणं मुलांच्या कानावरचं घ्या. भुलाबाईची गाणी मुलींना पाठच असतात, मुलंही लगेच उचलतात.

तुम्ही एक ओळ म्हणा, झिलकऱ्यांसारखी मुलांनी ती मागून म्हणावी. पट्टी मात्र त्यांच्या गळ्याची हवी: वरच्या सुराला मानेच्या शिरा ताणल्या, की लगेच खाली उतरवा. ‘जोरात म्हणा’ तर कधीच म्हणू नका, सूर तिथेच फाटतो. टाळ्या वाजवताना लय हमखास पळते, म्हणून आधी पायांनी ठेका धरायला लावा.

कापूस वेचणीत हजेरी घटते, त्यामुळे एकट्याच्या ओळी दोघादोघांना शिकवून ठेवा.