रोइंग क्लबातल्या चार कोचपैकी नवशिक्यानं कोणाकडे शिकावं?

तुम्ही लिहिलंय की क्लबात चार कोच आहेत: एक राष्ट्रीय पातळीवर पदक मिळवलेला माजी खेळाडू, एक जुना कॉक्स (न वल्हवता बोट वळवणारा आणि सूचना देणारा), एक जिममधला ट्रेनर आणि चाळिशीनंतर रोइंग शिकलेल्या एक बाई. तुम्ही पस्तिशीत पहिल्यांदाच बोटीत बसणार, तर यातलं कोण निवडायचं? माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने त्या बाई किंवा कॉक्स. पदकवाल्याकडे नंतर जा, तेव्हा त्याचा खरा उपयोग होईल.

बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून वल्हवणाऱ्याच्या अंगात स्ट्रोक (वल्हं ओढण्याची एक पूर्ण फेरी) इतका मुरलेला असतो की तो शब्दांत सांगायची वेळच त्याच्यावर आलेली नसते. 'हात सैल सोड', 'बोट पळू दे' असं तो म्हणतो. ते बरोबरच असतं, पण नेमकं काय करायचं हे नवख्याला त्यातून कळत नाही. मोठेपणी शिकलेल्याला मात्र अडचणी माहीत असतात. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की कमरेतून पुढे झुकता येत नाही, मग माणूस पाठीला पोक काढून हात लांबवतो आणि आठवड्याभरात कंबर धरते. यावर उपाय जोर लावण्याचा नाही. फूट स्ट्रेचरवरचे, म्हणजे पाय टेकवायच्या चौकटीवरचे, बूट एक-दोन भोकं खाली घ्यायचे आणि सरकणारी सीट पुढे आणताना पोटऱ्या उभ्या होण्याच्या जरा आधीच थांबायचं.

कॉक्सला लोक उगाच कमी लेखतात. आठ जणांच्या बोटीत तो मागच्या टोकाला, वल्हवणाऱ्यांकडे तोंड करून बसतो. कोणाच्या वल्ह्याचं पातं उशिरा पाण्यात जातं, कोण सीट घाईनं पुढे सरकवतो, हे त्याला दिसतंही आणि बोटीच्या झटक्यातून कळतंही. शिवाय दोन शब्दांत सूचना द्यायची त्याला सवय असते. त्याची उणी बाजू म्हणजे स्वतः फार ओढलेलं नसल्यामुळे थकल्यावर शरीर काय करतं याचा अंदाज कधीकधी कमी पडतो. चार जणांच्या बऱ्याच बोटींत कॉक्स पुढच्या टोकाला आडवा झोपलेला असतो आणि त्याला आपले गडी दिसतच नाहीत. तेव्हा तो कुठल्या बोटीत बसायचा, हे जरूर विचारा.

जिम ट्रेनरकडून दम वाढवून घ्या. रोइंग मशीनवर पाय, मग पाठ, मग हात हा क्रम तो चांगला बसवतो. त्याला डँपर (मशीनमध्ये येणारी हवा कमीजास्त करणारी कळ) कितीवर ठेवायचा ते विचारा. 'दहावर, ताकद येते' असं उत्तर आलं तर सावध व्हा. ड्रॅग फॅक्टर, म्हणजे ओढायला किती जड जातं याचा मशीनच्या पडद्यावर दिसणारा आकडा, ११० ते १३० च्या दरम्यान बहुतेकांना पुरतो. मशीनवर तोल सांभाळावा लागत नाही आणि पातं उभं-आडवंही करावं लागत नाही. फक्त मशीनवर तयार झालेला माणूस पुढे पोहोचल्यावर हात खाली दाबतो, त्यामुळे पातं पाण्यापासून वर उडतं आणि पाणी धरायला उशीर होतो. खरं तर त्याच क्षणी हात किंचित वर सोडायचे असतात.

पदकवाल्याची पारख पान्यावर करा. त्याला दहाचा पाना देऊन स्कलिंग बोटीची (जिच्यात प्रत्येकाच्या दोन हातांत दोन वल्ही असतात) मापं तुमच्या अंगाला जुळवायला सांगा. डाव्या हातातल्या वल्ह्याचं गेट (वल्हं अडकवायची खाच) साधारण एक सेंटिमीटर उंच का, हे त्यानं न अडखळता सांगायला हवं (ओढताना डावा हात उजव्याच्या वरून जातो म्हणून). वल्ह्याचा आतला, म्हणजे गेटपासून मुठीच्या टोकापर्यंतचा, भाग सुमारे ८८ सेंटिमीटर असतो. नवख्याला वल्हं जड लागलं, तर बाहेरचा भाग थोडा आखडून देणारा कोच जाणकार समजा.

स्वतः न वल्हवलेला कोच कामाचा नसतो, असंही नाही. जर्मनीचे कार्ल आडाम शाळामास्तर आणि बॉक्सर. ते रोइंगपटू नव्हतेच. त्यांच्या हाताखालच्या आठच्या बोटीनं १९६० आणि १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं.

नाव नोंदवण्याआधी काठावर वीस मिनिटं उभं राहून एक सराव बघा. विशेषतः कोणाचं वल्हं पाण्यात अडकतं तेव्हा कोच काय म्हणतो ते ऐका. रोइंगवाले याला क्रॅब म्हणतात. बहुतेक वेळा पातं पाण्याबाहेर यायच्या आतच आडवं केल्यानं ते खाली खेचलं जातं आणि दांडा पोटात बसतो. 'घट्ट धर' म्हणणारा कोच चूक वाढवतो, कारण घट्ट मुठीत मनगट आणखी लवकर वळतं. चांगला कोच बोट थांबवतो, बोटांनी आकड्यासारखं धरायला सांगतो, आणि 'आधी हात खाली, पातं उभंच बाहेर, मग आडवं' एवढंच दहा-बारा स्ट्रोक करून घेतो. त्या वेळात तो दुसरी कुठलीच चूक काढत नाही. सराव मिनिटाला अठरा-वीस स्ट्रोकच्या वर जात नसेल आणि सीट पुढे यायला ओढण्याच्या दुप्पट वेळ दिला जात असेल, तर तो गट नवशिक्यांसाठी ठीक आहे.

त्याच वेळी कोचच्या मोटरबोटीतही डोकावा. इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या अंगाला अडकवलेली हवी. फेकायची दोरी, वल्हवणारे धरून जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेटं आणि थंडीचे दिवस असतील तर ब्लँकेटं हवीत. वीज कडाडली की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही, हा नियम त्यानं विचारताक्षणी सांगायला हवा. बोट उलटल्यावर काय करायचं याचा सराव पहिल्या आठवड्यात करून घेतात का, तेही विचारा. बुटांच्या टाचा दोरीनं बांधलेल्या आहेत ना, हे स्वतः ओढून बघा. ती दोरी नसेल तर बोट उलटल्यावर पाय बुटातून सुटत नाही.

कोच आळीपाळीनं येतात, निवडता येत नाही, असं क्लबानं सांगितलं तर निदान पहिले सहा सराव एकाच कोचचा वार धरून जा. एक जण पातं बोटांनी फिरवायला शिकवतो, दुसरा मनगटानं, आणि दोन्ही ऐकणाऱ्याचं वल्हं महिनाभर पाण्यात अडकत राहतं.