कळव्यातली बंद आर-१५ : घ्यावी का, आणि घ्यायची तर कितीला

कळव्यात एका चाळीसमोर दोन पावसाळे उभी असलेली २०१० ची यामाहा आर-१५ मोटरसायकल पंचवीस हजारांत मिळते आहे, इंजिन बंद आहे, उजव्या बाजूची फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचे आवरण, गायब आहे, सगळा मिळून पन्नास हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, तर ही गाडी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. विकणारा ‘फक्त बॅटरी टाकली की चालू’ असे म्हणतो, हेही आपण लिहिले आहे. ते वाक्य आधी बाजूला ठेवावे, कारण प्रश्न खरोखर बॅटरीचाच असता तर त्याने स्वतः बॅटरी टाकून गाडी चालू करून दाखवली असती आणि दहा हजार जास्त मागितले असते.

माझे मत कदाचित उलटे वाटेल. बंद इंजिनाची फार धास्ती घेऊ नये. धास्ती घ्यावी ती कागदांची आणि प्लास्टिकची.

आरसीवर नाव कोणाचे आहे, ही पहिली चौकशी. आपल्या वर्णनावरून विकणारा मूळ मालक दिसत नाही; त्याने गाडी कोणाकडून तरी घेतली आणि नावावर केलीच नाही. अशा व्यवहारात नमुना २९ आणि ३० या मालकी बदलण्याच्या अर्जांवर सही आरसीवरच्या माणसाचीच लागते, आणि तो आज डोंबिवलीत आहे की दुबईत हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. त्यातून २०१० ची गाडी म्हणजे २०२५ मध्ये तिच्या नोंदणीची १५ वर्षे भरली. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले जातात, विमा आणि पीयूसी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते. म्हणजे गाडी धड चालू झाल्याशिवाय कागद पुरे होत नाहीत, आणि कागद पुरे होतील याची खात्री नसताना गाडी चालू करण्यावर पैसा घालणे शहाणपणाचे नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून कर्जाची नोंद, विम्याची मुदत आणि थकलेली ई-चलने आजच पाहून घ्यावीत.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. २०१६ मध्ये कोपरीतून एक करिझ्मा मोटरसायकल चौदा हजारांना उचलली, दोन महिन्यांत चालूही केली, आणि मग कळले की पहिल्या मालकाने कर्ज फेडूनही एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवलेली नव्हती. कर्ज देणारी कंपनी तोवर दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. त्या एका ना-हरकत पत्रासाठी आठ महिने गेले आणि तेवढा काळ चालू गाडी सोसायटीच्या जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. सेक्रेटरींनी त्याबद्दल मला दोन नोटिसा दिल्या, त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही.

आता इंजिन. या गाडीचा सिलिंडर डायासिल म्हणजे सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमचा आहे, त्यात लोखंडी लायनर, म्हणजे आतले अस्तर, नाही, त्यामुळे जुन्या गाड्यांसारखे बोअर करून (भोक थोडे मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकण्याचा मार्ग इथे नाही. ओरखडे असतील तर ब्लॉकच बदलावा लागतो. म्हणून स्टार्टर मारण्याची घाई करू देऊ नये. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, थोडा वेळ थांबावे, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे. चाकाबरोबर इंजिन फिरले आणि प्लगच्या भोकातून फुस्स असा श्वास आला तर निम्मी काळजी मिटली. मग तळाचा नट सैल करून ऑइलचा पहिला घोट बाटलीच्या झाकणात घ्यावा : काळे असेल तर हरकत नाही, पण कटिंग चहासारखे दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे, आणि कळव्यासारख्या सखल भागात ते हेड गॅसकेटमधून आले की पुराच्या पाण्यातून, हे शेजाऱ्यांना विचारल्यावर लवकर कळते. रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटचा रंगही पाहावा. टाकीत मोबाइलचा टॉर्च मारावा. फ्युएल पंप टाकीतच असल्यामुळे आतला गंज पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळ्यांना त्रास देतो.

अपघात लपलेला असतो तो हँडलचे वळणे अडवणाऱ्या स्टॉपरवर. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. फ्रेमवरचा स्टॉपर ठेचलेला किंवा त्यावरचा रंग तडकलेला असेल आणि उजवीच फेअरिंग नसेल, तर गाडी कशी पडली हे वेगळे सांगायला नको. पुढच्या चाकाच्या फोर्कच्या नळीवरून नख फिरवावे. खाडीच्या हवेत उभ्या गाडीच्या क्रोमला बारीक खड्डे पडतात, आणि नख अडकले तर नवे ऑइल सील महिनाभरात फाटणार.

प्लास्टिकचा हिशेब लोक शेवटी करतात, तो आधी करावा. फेअरिंगची एक बाजू म्हणजे नुसते आवरण नव्हे. तिचे ब्रॅकेट, रबरे, स्क्रू, स्टिकर सगळे आले, आणि वापरलेल्या फेअरिंगचे कान हटकून तुटून एमसीलने चिकटवलेले असतात. माझ्या करिझ्मावर प्लास्टिक आणि रंगाला जेवढे गेले, तेवढे इंजिनाला गेले नव्हते. जुन्या भागांच्या बाजारात मागचा भाग घेतलाच तर गाडीची आवृत्ती सांगून घ्यावा. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत सीट, शेपूट आणि मागचे चाक बदलले आहे.

आपल्या पन्नास हजारांत टायर, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी, ब्रेक, सील, फेअरिंग, रंग आणि आरटीओ एवढे बसवायचे, तर गाडीला बारा हजारांहून अधिक देऊ नयेत, आणि तेही इंजिन हाताने फिरले आणि आरसीवरचा माणूस सहीला समोर आला तरच. तो आला नाही, तर मी ती पाच हजारांनाही घेणार नाही.

ठरलीच, तर चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी डोळ्यांनी ताडून मगच पैसे द्यावेत. विटाव्याहून ऐरोलीमार्गे घणसोलीला ढकलत आणण्याचा मोह आवरावा, छोटा टेम्पो सांगावा, आणि बांधताना दोरी खालच्या फोर्क क्लॅम्पभोवती घ्यावी. टेम्पोवाला सवयीने ती फेअरिंगवरूनच नेतो, आणि उरलेली डावी बाजूही तिथेच तडकते.